चिमी रस्त्यानं केळव्याला गेली

...शेवटी होडी चढली एकदाची ट्रेलरवर, पण कमलाकांत तांडेल काही होडीतून खाली उतरेना. काल इथवर आलो होतो आणि नेमकी जेवणाची हाक आली, म्हणून गोष्ट राहिली वाळूतच उभी. आता ती पुढं हाकू.

तर चित्र असं डोळ्यांपुढं आणा. नवापूरचा किनारा, थंडी सरत आलेली, सकाळचं कोवळं ऊन. वाळूच्या कडेला एक पिकअप. तिच्या मागं दोन चाकांचा ट्रेलर. ट्रेलरवर निळ्या रंगाची छोटीशी शिडाची होडी, नाव तिचं चिमी. आणि चिमीत सुकाणूच्या जागी मांडी ठोकून बसलेला सत्तरी ओलांडलेला माणूस. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळतो तो काळा चष्मा. असा रुबाबात बसलेला, की वाटावं आता हा हुकूम सोडणार आणि ट्रेलर आपोआप लाटेवर जाणार.

खाली पिकअपचा ड्रायव्हर नवशा डोकं खाजवत उभा. डोंगराकडच्या पाड्यावरचा पोरगेला गडी, बोईसरच्या कारखान्यांत माल पोचवायची त्याची रोजची धाव.

"तांडेल, उतरा ना आता. होडीत माणूस बसवून रोडला नेली तं पोलीस मना खाली उतरवल."

"होडी चालली म्हंजे तांडेल होडीत. होडी निघाली नि तांडेल किनाऱ्यावर, असं कधी आयकलंस?"

"पन ही पाण्यात नाय चालली, बाबा. डांबरावरशी चाललीय."

"चालली ती चालली. कशावरशी ते तू नको सांगू."

हा कमलाकांत म्हणजे कोण, ते नवापुरात कुणालाही विचारा. बाराव्या वर्षी मामाच्या होडीवर भात रांधायला चढला, तो पुढं होडीचा मुख्य, म्हणजे तांडेल होऊनच उतरला. इंजिनं यायच्या आधीचे दिवस ते. शीड फुगलं तर घर, नाही फुगलं तर वल्हं. वारा कुठून येतोय ते तो गालावर ओळखायचा, दाढी केलेल्या दिवशी जास्त नेमकं. पण त्याचं नाव झालं ते वाऱ्यावरून नव्हे, दोरीवरून.

झालं असं की, एका आवसेला मोठं उधाण आलं. सगळ्यांनी होड्या खुंटांना आवळून आवळून बांधलेल्या. कमलाकांतनं मात्र आपल्या दोरीला भरपूर ढील सोडलेली. लोक हसले, म्हणाले, याला बांधायचा कंटाळा. पाणी चढत गेलं, चढत गेलं, आणि आवळलेल्या होड्यांना वर यायला दोरीच पुरेना. नाकं खाली खेचली गेली, पाणी आत शिरलं, दोन होड्या भरून बसल्या. कमलाकांतची मात्र पाण्याबरोबर वर आली आणि पाण्याबरोबर खाली गेली, झोपाळ्यावर बसल्यासारखी. त्या दिवसापासून किनाऱ्यावर होडी बांधायची म्हटली की लोक त्याला हाक मारायचे. 'कमलाकांतची ढील' हा शब्दच पडून गेला गावात.

आता माणसाचं एकदा नाव झालं की तो त्या नावाचा गुलाम होतो. कमलाकांतनं घरातल्या सगळ्या वस्तूंना ढील द्यायला सुरुवात केली. फाटकाची कडी ढिली. टीव्हीचा रिमोट खाटेला बांधलेला, तोही चांगला दोन हात लांब सुतळीनं, कारण 'त्याला पन जरा फिरूदे.' शेजारणीची शेळी एकदा बांधून दिली, तर ती आपल्या ढिलीत फिरत फिरत पलीकडच्या लग्नाच्या मांडवातली आंब्याची पानं साफ करून आली. आणि त्याची बायको मंगळी, बोंबील वाळत घालता घालता कुणालाही ऐकवायची, "या मानसानं मंगळसूत्र बांधताना पन ढील सोडली. बेंबीपोत येत व्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं गाठ मारून वर घेतलं."

तर असा माणूस, आणि अशी त्याची चिमी. होडी त्यानं स्वतः बांधली होती. मासे मारायला नव्हे, नातीला शिकवायला. नात पूर्वी, पालघरला कॉलेजात जाणारी. लहानपणी आजोबाच्या पायांत बसून सुकाणू धरायची, आता आजोबाला म्हणते, 'तुमी गप बसा, मी वळवते.' केळव्याच्या काही मंडळींनी या वर्षी छोट्या शिडाच्या होड्यांची शर्यत ठेवली होती. बाकी सगळ्यांच्या होड्या फायबरच्या. लाकडाची एकटी चिमी. पूर्वीनं नाव दिलं आणि आजोबाला विचारलं, "आजा, चिमी येल ना नीट?"

"केळव्याला चिमी पोचवायचं काम माझं," कमलाकांत म्हणाला. "तिला एक ओरखडा पडला तं माझं तांडेलपण काढून घे."

पाण्यातून नेली असती तर प्रश्नच नव्हता. पण डोळ्याच्या डॉक्टरनं बजावलेलं, खारं पाणी डोळ्याला लागता कामा नये. मुलगा सुजीत मोठ्या बोटीवर दर्यात गेलेला. म्हणून मग शर्यतवाल्यांकडून ट्रेलर आला, नवशाची पिकअप ठरली, आणि पूर्वी पुढं बसनं निघून गेली. चिमीला घेऊन निघायचे राहिले तिघं, नवशा, कमलाकांत आणि सून हिमानी.

ही हिमानी माकुणसारची. माहेरी केळीच्या बागा, होडीशी संबंध फक्त पाहुणी म्हणून. बोईसरच्या एका कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात होती. ट्रकवर पिंपं चढवायची, ती बांधून घ्यायची, ट्रक फाटकाबाहेर सोडायचा, हे तिचं काम. येताना तिनं साहेबाला विचारून चार नारिंगी पट्टे आणले होते. रुंद, जाड, आणि प्रत्येकाला लोखंडी दात्यांचं हँडल. हँडल मागंपुढं केलं की पट्टा करकर करत आवळत जातो.

"बाबा, हे लावू या का चिमीला?" तिनं विचारलं.

कमलाकांतनं पट्टा हातात घेतला. हुंगला. हँडलचे दाते अंगठ्यानं चाचपले.

"हिला काय बैलगाडीला जुंपायचीय? चिमीला लोखंडी दात नाय लावायचं."

आणि आपली दोरी काढली. जुनी, हातांत मऊ झालेली. नाकाला एक, मागं दोन, मध्ये एक आडवी. गाठी अशा देखण्या की फोटो काढावा. डोलकाठी उतरवून होडीवर लांब आडवी ठेवली, तिच्या मागं आलेल्या टोकाला मंगळीच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा बांधला. आणि प्रत्येक दोरीला, सवयीनं, वीतभर जागा सोडली.

हिमानीनं दोरी हळूच बोटानं उचलून पाहिली. "बाबा, जरा सैल वाटते."

"सैल नाय, ढील हाय. आळश्याची असते ती सैल. ही इचार करून सोडलीय."

सुनेनं पट्टे गुंडाळले आणि पिकअपमध्ये आपल्या सीटखाली सरकवले. कारखान्यात ट्रकवाल्यांशी तावातावानं भांडणारी बाई, पण सासऱ्याच्या गाठीला हात लावायचा म्हणजे त्याच्या मिशीला हात लावण्यासारखं.

निघायच्या वेळी मंगळी नारळ घेऊन आली आणि वाळूतच घोटाळली. होडी निघते तेव्हा नारळ दर्याला. पण ही तर दर्याकडं पाठ करून निघालेली. नारळ द्यायचा कुणाला? क्षणभर विचार करून तिनं तो ट्रेलरच्या चाकापुढं फोडला आणि पाणी डांबरावर शिंपडलं. "जा बाय," चिमीच्या नाकाला हात लावून म्हणाली, "म्हाताऱ्याला नीट ने."

तडजोड अशी झाली की, कमलाकांत होडीत नाही, पण पुढं केबिनमध्येही नाही. पिकअपच्या मागच्या हौद्यात, उलटं तोंड करून, चिमीकडं बघत बसणार. म्हणजे होडीच्या नाकासमोर त्याचं नाक. नवशानं गोणपाटांवर जुन्या जाळ्यांचा ढीग टाकून गादी करून दिली, आणि गाडी हलली.

पहिला मैलभर मजेत गेला. रस्त्याकडेच्या बाया हात करत होत्या, कोळणी ओरडत होत्या, "तांडेल, मासे कुठं, वडाच्या झाडावर?" तो ऐटीत हात वर करत होता. मग हळूहळू त्याच्या पोटात काहीतरी ढवळू लागलं. जन्म पाण्यात गेला, वादळात भाकरी खाल्ली, पण उलट्या तोंडानं तो कधी प्रवासाला निघाला नव्हता. झाडं पुढून येण्याऐवजी मागून येऊन पळत होती. त्यात औद्योगिक वसाहतीतला तो आंबट-तिखट वास. कमलाकांतनं केबिनच्या काचेवर टकटक केलं.

हिमानीनं मान वळवली. "काय झालं, बाबा?"

"काय नाय. हवा बघतो."

ती हसू गिळून म्हणाली, "लिंबू देऊ?"

"...दे."

लिंबू चोखत, डोळे चिमीच्या नाकावर लावून तो बसला. आणि आता त्याला दिसू लागलं, जे केबिनमधून दिसलं नसतं. रस्त्यावर उंचवटा आला की चिमी उचलायची आणि खाली बसायची. ते त्याला बरं वाटलं, लाटेवर असंच होतं. वळण आलं की जराशी डावीकडं सरकायची, मग उजवीकडं. तेही चालेल. पण दर खेपेला ती पुन्हा होती तिथं येत नव्हती. बोटभर इकडं राहायची. पाणी असतं तर पाण्यानं तिला परत जागेवर आणलं असतं. इथं कुणी आणत नव्हतं. कमलाकांत हे बघत होता, आणि बघून न बघितल्यासारखं करत होता.

सालवड आलं. कामगारांच्या चाळी, चहाच्या टपऱ्या, पाळी सुटलेली, रस्त्यावर माणसंच माणसं. पुढं एक भलाथोरला कंटेनर चाललेला. त्याच्यासमोर कुणाची तरी सायकल आडवी आली, कंटेनरनं ब्रेक मारला, आणि नवशानं पण दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

पिकअप थांबली. ट्रेलर थांबला. चिमी नाही थांबली.

वीत वीत सोडलेली ती सगळी ढील एका झटक्यात पुढं आली. नाक अडवायला ट्रेलरला जो खांब होता, त्याच्यावर चिमी चढली आणि तिचं निळं नाक थेट कमलाकांतच्या छातीवर आलं. एवढं जवळ, की त्यानं हात पुढं करून तिला धरलं, मारक्या गाईची शिंगं धरावीत तसं. मग दोऱ्यांनी तिला पकडलं, ती कचकन मागं बसली, आणि काठी एका बाजूला घरंगळून लटकली.

चहाच्या टपरीवरची माणसं धावली. एकानं ओरडून विचारलं, "चाचा, समुंदर किधर है?" दुसरा म्हणाला, "पीछे छूट गया!" आणि सगळे हसले. पण त्यांतल्याच दोघांनी लगेच काठी सावरून धरली, हेही सांगायला हवं.

नवशा पांढराफटक पडून खाली उतरला. हिमानी उतरली. तिनं आधी सासऱ्याकडं बघितलं, हात-पाय शाबूत आहेत ना ते. मग होडीकडं. चिमीला लागलं नव्हतं. खांबावर रबर होतं, म्हणून वाचली. पण मागची एक दोरी ट्रेलरच्या लोखंडी काठावर घासून अर्ध्याहून जास्त तुटली होती. उरलेली चार सुतं वाऱ्यावर हलत होती.

कमलाकांत हौद्यातून खाली आला. चष्मा काढला. ती दोरी हातात घेऊन उभा राहिला. केळवं अजून लांब होतं. पालघर जायचं होतं, पालघरपुढचं माहीम जायचं होतं, मध्ये गतिरोधक मोजायला बसलं तर वेड लागावं. आणखी असा एक झटका, आणि चिमी डांबरावर. पूर्वी तिकडं किनाऱ्यावर वाट बघत उभी असणार. शर्यत भरतीला सुटणार, आणि भरती काही कुणासाठी थांबत नाही.

हिमानी 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. हे जास्त लागलं त्याला. मंगळीनं एव्हाना तीन वर्षांचं साठवलेलं बोलून घेतलं असतं.

तो वाकला आणि चिमीखालच्या डांबरावर तळहात टेकवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हितं पानी चढत नाय. उतरत पन नाय. मग मी ढील कुनासाठी सोडली?"

नवशाला वाटलं, आपल्याला विचारलं. तो म्हणाला, "मना काय ठावं, बाबा."

कमलाकांतनं आपल्या गाठी आपल्याच हातानं सोडल्या. एकेक. दोरी गुंडाळून हौद्यात ठेवली आणि मग सुनेकडं न बघता म्हणाला, "ते तुझं दातवालं पट्टं आणलंस का घरीच ठेवलंस?"

"सीटखाली आहेत, बाबा."

"मग काढ. भरती काय आपल्यासाठी थांबनार हाय?"

मग हिमानी कामाला लागली, आणि कमलाकांतला सून पहिल्यांदाच दिसली म्हणायला हरकत नाही. पदर खोचला आणि आवाजच बदलला. "नवशा, नाक आधी खांबाला टेकव. टेकलं? आता तिथंच धर. भाऊ, तुम्ही दोघं काठी उचला. चिमी हलली तर ट्रेलरसकट हलली पाहिजे, ट्रेलरवर नाही हलली पाहिजे." टपरीवरचे भाऊ मुकाट उचलू लागले. नाकाला पट्टा, मागं दोन्ही कोपऱ्यांना पट्टे, मध्ये आडवा एक. हँडल करकर वाजू लागलं. कर्र, कर्र, कर्र.

"थांब!" कमलाकांत ओरडला.

हिमानी दचकली. "काय झालं?"

"गप. आयक." त्यानं चिमीच्या कुशीला कान लावला. "कण्हतेय ती. पिंप नाय ते, लाकूड हाय. आनखी दोन दात ओढलेस तं फळी बोलंल."

तो हौद्यात चढला, आपल्या बुडाखालचं जुनं जाळं ओढून काढलं, त्याच्या जाड घड्या केल्या आणि जिथं जिथं पट्टा लाकडावर बसत होता तिथं तिथं खाली सरकवल्या. "आता ओढ." कर्र, कर्र. त्यानं पुन्हा कान लावला. "आनखी एक... बास. झोपली बघ."

मग दोघांनी मिळून चिमीला धक्का देऊन पाहिला. सगळा ट्रेलर हलला, पिकअप पण हलली, पण चिमी ट्रेलरवर तसूभर सरकली नाही. हिमानी म्हणाली, "बाबा, जाळ्याचं आमच्याकडं कुणाला सुचलं नसतं." तो म्हणाला, "आता हौद्यात बसू कशावर ते सांग."

म्हणून मग तांडेल केबिनमध्ये आला, सरळ तोंडानं. सून मध्ये, तो खिडकीशी. पोट जागेवर आलं. पण मान दर मिनिटाला बाहेर. पालघरच्या अलीकडं मोकळा रस्ता लागला, तेव्हा एक पट्टा वाऱ्यानं भुणभुण वाजू लागला. "थांबव, थांबव!" नवशानं गाडी बाजूला घेतली. कमलाकांतनं उतरून पट्ट्यावर तळहात ठेवला. "वाजनारी दोरी लवकर फाटते. शिडाचं तसंच." तो पलीकडं जाऊन चिमीच्या कुशीला कान लावतो तोवर हिमानीनं पट्टा सोडून त्याला एक पीळ दिला आणि परत आवळला. गाडी निघाली, भुणभुण बंद. दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली, जशी दोन कारागीर हलवतात. नवशा म्हणाला, "आता तुमचं जमलं तं मी च्या पिऊन घेऊ का पालघरला?" त्याला चहा मिळाला, वडाही मिळाला. तेवढ्या वेळात कमलाकांत चारही पट्टे पुन्हा चाचपून आला.

केळव्याच्या सुरूंच्या बनाशी पोचले, तेव्हा पाणी चांगलंच चढलं होतं. फायबरच्या होड्या रंगीत शिडं वर करून वाळूवर तयार. पूर्वी धावत आली, चिमीभोवती एक फेरी मारली, नाक बघितलं, कूस बघितली, कुठं ओरखडा नाही म्हणून आजोबाच्या गळ्यात पडली. "आजा, लवकर सोड हिला! पहिला भोंगा झाला!" हिमानी नाव नोंदवणाऱ्या टेबलाकडं पळाली, नवशा गाडीखाली दगड लावायला गेला, आणि पट्टे सोडायचं काम राहिलं तांडेलाकडं.

आता गंमत अशी, की सालवडला त्यानं हँडल आवळताना पाहिलं होतं, सोडताना नव्हे. त्यानं हँडल पुढं केलं, करकरलं. मागं केलं, आणखी एक दात बसला. उलटं करून बघितलं, ठोकून बघितलं, दोन्ही हातांनी ओढलं. पट्टा जसाच्या तसा. पूर्वीनं काठीला शीड लावायला घेतलेलं, ती ओरडतेय, "आजा, झालं का?"

आणि नेमका याच वेळी बळवंत आला. बळवंत म्हणजे केळव्याचा जुना तांडेल, कमलाकांतच्या वयाचा, शिडाच्या दिवसांत दोघांनी एकमेकांचा वारा कापण्यात उमर घालवलेली. तो आला, काठी टेकून उभा राहिला, चिमीवरचे नारिंगी पट्टे वरपासून खालपर्यंत बघितले, आणि आजूबाजूच्या दहा माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "काय रं कमळ्या, ही कमलाकांतची ढील का? दर्यावर तुझ्या गाठीला कुनी हात लावला तं तू वल्हं उगारायचास. आज चिमी बांधली कुनी?"

सगळे बघू लागले. पूर्वी पण शीड धरून थांबली. दुसरा भोंगा व्हायला आला होता. कमलाकांतनं हँडल सोडलं, कपाळाचा घाम पुसला, काळा चष्मा नाकावर सारखा केला आणि म्हणाला, "माझ्या सुनेनं बांधली, बळवंत, नि माझ्याहून चांगली बांधली. तू दात काढत हुबा राहू नको, त्या टेबलाकडं जा नि तिला बोलवून आन, हा पट्टा माझ्याच्यानं सुटत नाय!"